पाटी नसलेली खोली

दवाखान्यातल्या नर्सने चिठ्ठी दिली तेव्हा बुरुलने ती वाचलीसुद्धा नाही. घडी करून कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल काहीबाही विचारत राहिली, जणू ती त्याच्यासाठीच आली होती. चार दिवस चिठ्ठी खिशात होती. पाचव्या दिवशी, मंगळवारी दुपारी, बेकरीच्या मागच्या खोलीत तिने ती उघडली. अक्षर घाईचं होतं. जुनं संस्कृती भवन, तळमजला, मंगळवार, सहा वाजता. खाली एक ओळ होती: दारावर पाटी नाही, पण सापडेल.

पाटी नाही तर सापडेल कसं, हे नर्सला विचारायला हवं होतं. पण मग नर्स म्हणाली असती, "म्हणजे तुम्ही जाणार तर!" आणि बुरुलला ते कबूल करायचं नव्हतं.

काराकोल गावात केकवर नावं लिहिण्यात बुरुलचा हात कुणी धरू शकत नव्हतं. अठरा वर्षं ती तेच काम करत होती. लग्नं, पहिलं पाऊल टाकणारी बाळं, साठ वर्षं पूर्ण केलेले म्हातारे, सगळ्यांची नावं तिच्या हातून लोण्याच्या क्रीममध्ये उतरली होती. गेल्या वर्षभरात सकाळी हात थरथरायला लागले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत थोडी घेतली की ते शांत व्हायचे, म्हणून ती कठीण केक दुपारनंतर हातात घ्यायची. मालकिणीला वाटायचं, हिची तशी पद्धतच आहे. मग नवीन वर्षाच्या आधी एका साठीच्या केकवर तिने उत्सवमूर्तीच्या नावाऐवजी त्याच्या वारलेल्या भावाचं नाव लिहिलं. दोघांना ती लहानपणापासून ओळखत होती. चूक कशी झाली ते तिलाही सांगता आलं नाही. मालकीण ओरडली नाही. तिने फक्त क्रीमची पिशवी बुरुलच्या हातातून काढून घेतली आणि तिला पाव मोजायला बसवलं.

नवरा तीन वर्षं रशियात बांधकामावर होता. घरी सोळा वर्षांची मेरिम होती. ती आता आईशी फारसं बोलत नसे. बुरुल स्वयंपाकघरात चहाचा पियाला घेऊन बसली की मेरिम येता-जाता सहज उचलल्यासारखा तो उचलायची, नाकाशी न्यायची आणि परत ठेवायची. आणि बाटल्या गायब व्हायच्या. कुठे ठेवते हे बुरुलने विचारलं नाही आणि मेरिमने सांगितलं नाही.

त्या मंगळवारी कामावरून सुटल्यावर बुरुल दोनदा घराच्या रस्त्याला लागली आणि दोनदा परत फिरली. बर्फ तुडवून तुडवून काचेसारखा झाला होता. चुलींचा कोळशाचा धूर गल्लीत खाली बसला होता. सहाला दहा मिनिटं असताना ती संस्कृती भवनाच्या पायऱ्या चढली. आत दाराशीच टेबल टाकून फाइना बसलेली होती. रखवालीचं काम करणारी ही रशियन म्हातारी डोक्याला लोकरीचा रुमाल बांधून समोर शब्दकोडं घेऊन बसे.

"कुणाकडे?" फाइनाने वर न बघता विचारलं.

बुरुलने वाटेत ठरवलं होतं की कुणाला काही विचारायचं नाही, सरळ आत शिरायचं. कुणी हटकेल हे तिच्या हिशोबातच नव्हतं. भिंतीवर एक जाहिरात दिसली, तीच तिच्या तोंडून बाहेर पडली.

"गाण्याला."

"मग वर जा. उशीर केलास, सुरू झालंय त्यांचं."

म्हातारी आता वर बघत होती, आणि जिना तिच्या डोळ्यांसमोर होता. बुरुलला जिना चढावाच लागला. वर पेन्शनीत निघालेल्या बायकांचं गायनमंडळ होतं. दार उघडंच असल्यामुळे गाणं शिकवणाऱ्या बाईंनी तिला लगेच पाहिलं, हाताला धरून आत ओढलं, कोट काढायला लावला आणि पियानोवर एक सूर दाबून म्हणाल्या, "आ म्हणा." बुरुलने आ म्हटलं. बाईंनी मान तिरकी केली आणि तिला दुसऱ्या ओळीत, दोन जाडजूड बायकांच्या मध्ये उभं केलं. गाणं तिला शाळेपासून पाठ होतं. एक कडवं तिने गायलंसुद्धा. गाता गाता तिला वाटायला लागलं की कदाचित हेच ते असेल. नर्सने लिहिलंच होतं, पाटी नाही. दारूचं नाव न काढता लोकांना गाण्यात गुंतवत असतील. मग तिला आठवलं की चिठ्ठीत तळमजला लिहिलं होतं.

तेवढ्यात वीज गेली. जानेवारीत रोजच जायची, त्यामुळे कुणी दचकलं नाही. बायका मोबाइल शोधू लागल्या. बुरुलने चाचपत आपला कोट उचलला आणि कठड्याला धरून खाली आली. फाइनाच्या टेबलाशी मेणबत्तीसाठी काडी ओढल्याचा आवाज झाला. उजेड व्हायच्या आत बुरुल उजव्या हाताच्या लांब बोळात शिरली.

बोळात काहीच दिसत नव्हतं. भिंतीला हात लावून ती चालू लागली. एक दार, बंद. दुसरं दार, बंद. तिसऱ्या दारापलीकडे माणसं बोलत होती. बुरुल थांबली. एक म्हातारा पुरुष सांगत होता, "पहिल्या वर्षी मीही असाच घरात बसून राहिलो. कुणाला भेटायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. वाटायचं, संपलं सगळं. इथे येऊन बसायला लागलो तेव्हा कुठे कळलं की आपण एकटे नाही."

तिने दार ढकललं.

आत मिट्ट काळोख होता. मेणबत्ती नाही, मोबाइलचा उजेड नाही, काही नाही. चहाचा आणि ओल्या लोकरीचा वास होता, आणि सात-आठ माणसांचे श्वास. बुरुलला हे एकदम पटलं. पाटी नाही, उजेड नाही. कुणी कुणाचं तोंड बघायचं नाही, म्हणजे उद्या बाजारात समोरासमोर आलं तरी लाजायला नको. नर्सने हे आधीच सांगितलं असतं तर ती चार दिवस घुटमळली नसती.

"दारात कोण आहे?" म्हाताऱ्याने विचारलं. "आत या. दार लावून घ्या, ऊब जातेय."

"मी नवीन आहे," बुरुल म्हणाली. "नाव सांगायचं असतं का?"

"पहिलं नाव पुरे. मी ओमुर. म्हातारा म्हणून इथे सगळे मानाने ओमुर अता म्हणतात."

"बुरुल."

कुणीतरी तिची बाही धरून तिला खुर्चीपर्यंत नेलं. हात बाईचा होता, मऊ आणि गरम. आपलं नाव तुरसुन असल्याचं त्या बाईने सांगितलं, आणि आपणही उन्हाळ्यापासूनच येतोय, घाबरायचं कारण नाही, असंही. हातात पियाला आला. बुरुलने नकळत त्याचा वास घेतला. चहाच होता.

"किती वर्षं झाली, पोरी?" ओमुर अतांनी विचारलं.

"सहा-सात. नक्की नाही सांगता येणार. हळूहळू होत गेलं."

"हळूहळूच होतं. आपल्या ध्यानात येईपर्यंत निम्मं हातचं गेलेलं असतं."

चारी बाजूंनी हुंकार आले. बुरुलला रडू येईलसं वाटलं. इतक्या वर्षांत हे इतकं सोपं करून कुणी म्हटलं नव्हतं.

"घरात आणखी कुणाला होतं?" तुरसुनने विचारलं.

"माझ्या वडिलांना. शेवटी शेवटी तर घरचा रस्ताही सापडायचा नाही त्यांना. शेजारी आणून सोडायचे."

"रक्तातूनच आलंय मग," कोपऱ्यातून कुणी तरी म्हणालं.

"आणि त्रास कधी जास्त होतो? संध्याकाळी ना?" तुरसुनने विचारलं.

"नाही, सकाळी. संध्याकाळी उलट बरं वाटतं."

यावर जरा कुजबुज झाली. संध्याकाळी बरं वाटतं म्हणजे कमाल आहे, असं कुणाचं तरी म्हणणं पडलं. दुसऱ्याने त्याला गप्प केलं, प्रत्येकाचं वेगळं असतं म्हणून. ओमुर अतांनी घरच्यांबद्दल विचारलं. बुरुलने नवऱ्याचं सांगितलं, मेरिमचं सांगितलं.

"ती माझ्यापासून वस्तू लपवते," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात मी शोधत राहते आणि ती दारात उभी राहून बघते."

"हे बरोबर नाही," ओमुर अता जरा रागानेच म्हणाले. "मुलीला समजावून सांग. प्रत्येक वस्तू जागच्या जागी हवी. हात लांबवला की लागली पाहिजे."

"हात लांबवला की?"

"तर! माझ्या घरी सगळ्या बाटल्या एका ओळीत असतात. डावीकडून पहिली, दुसरी, तिसरी. पाच वर्षांत एकदा चुकलो नाही."

बुरुल चकित होऊन काळोखात बघत राहिली. पाच वर्षं. एका ओळीत. हा कसला उपाय? डोळ्यांसमोर ठेवून मन घट्ट करायचं, असं काही असेल का? की ही माणसं सोडायला आलेलीच नाहीत, नीट बेताने कशी प्यावी हे शिकायला आलीत?

"आणि काठी घेतलीस का?" तुरसुनने विचारलं.

"काठी कशाला?"

"घे बाई, लाजू नकोस. मीही दोन महिने लाजले. हातात काठी दिसली की लोक आपणहून बाजूला होतात."

लोक बाजूला होतात ते बुरुलला काठीशिवायच माहीत होतं. गेल्या हिवाळ्यात बस थांब्यावर झाले होते. पण काठी? शेवटी तिला राहवलं नाही. काळोख होता, माणसं मायाळू होती, आणि गोंधळ इतका झाला होता की सरळ बोलून टाकणंच सोपं होतं.

"मला बाटली हाताशी नकोय," ती म्हणाली. "हाताशी असली की मी पिते. वोदका. चहाच्या पियाल्यात ओतून पिते, म्हणजे कुणी आलं तर चहा वाटावा. आजही दुपारी घेतली, इथे यायचा धीर व्हावा म्हणून. मी दारुडी आहे. हे मी आजपर्यंत कुणापुढे बोलले नव्हते."

पियाला खाली ठेवल्याचा बारीक आवाज झाला.

"ही काय म्हणतेय?" तुरसुनने हळूच विचारलं.

"थांबा," ओमुर अता म्हणाले. "पोरी, एक सांग. तुला दिसतं का?"

"म्हणजे?"

"डोळ्यांनी. दिसतं का तुला?"

"दिसतं की. आता वीज गेलीय म्हणून नाही, पण..."

"वीज गेलीय?" कोपऱ्यातला माणूस म्हणाला. "कधी?"

बुरुलला कळायला क्षणभर वेळ लागला. मग एकदम सगळं उलगडलं, सकाळ-संध्याकाळचं, एका ओळीतल्या बाटल्यांचं, काठीचं. ती उठली ती खुर्ची पाडूनच. माफ करा, माफ करा, असं पुटपुटत ती दाराकडे निघाली आणि दार भलत्याच बाजूला शोधू लागली. भिंतीवर तिचा हात नुसता फिरत होता.

तुरसुनने तिला शोधून काढलं. ती अजिबात धडपडली नाही, आवाजावरून थेट आली आणि तिने बुरुलची बाही पुन्हा धरली.

"बस," ती म्हणाली. "चहा संपव आधी."

"मला वाटलं..."

"आम्हालाही वाटलं. तू वाईट काय केलंस? खरं तेच बोललीस."

ओमुर अता हसले नाहीत. इथलं ऐकलेलं या खोलीबाहेर जाणार नाही, असं त्यांनी सगळ्यांच्या वतीने सांगितलं, आणि कोपऱ्यातल्या माणसाला नाव घेऊन बजावलं, कारण त्याची बायको बाजारात बसायची. मग ते म्हणाले, "तू शोधतेस ती मंडळी मागच्या अंगाला बसतात. जिन्याखालून दोन पायऱ्या उतरून. फार हसतात ती माणसं. तुरसुनला आधी वाटायचं, नाटकाची तालीम चालते."

"हसतात?"

"इतके की आमचं बोलणं ऐकू येत नाही."

दारू सोडायला आलेली माणसं हसतात कशाला, हे बुरुलला कळेना. पण आता विचारायची तिची हिंमत नव्हती. ओमुर अतांनी काठी घेतली आणि तिला आपल्या कोपराला धरायला लावलं. बोळातून ते इतक्या भरभर चालले की बुरुलच मागे पडत होती. वळणावर ते म्हणाले, "पायरी. आणखी एक." मागच्या दाराशी थांबून त्यांनी कान दिला.

"आज आवाज नाही," ते म्हणाले. "पाण्याचा आहे फक्त. कोणीतरी भांडी धुतंय. जा तू, मी इथे उभा आहे. हाक मारलीस तर ऐकू येईल."

आत एका ताटलीत मेणबत्ती चिकटवलेली होती. रिकाम्या खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या आणि कोपऱ्यात एक मोठ्या खांद्यांचा माणूस बादलीत पियाले विसळत होता. तो वळला आणि बुरुल दारातच थांबली. तो कुबात होता. आठवड्यातून दोनदा बेकरीत पिठाची पोती टाकणारा कुबात बाइके, बाइके म्हणजे थोरला भाऊ. सगळं गाव त्याला सज्जन आणि जरा कडक समजायचं. लग्नाच्या जेवणावळीतही तो थेंबाला शिवत नसे, घोडीच्या दुधाचा आंबूस कुमिससुद्धा नाकारायचा. बुरुल त्याला टाळायची, कारण त्याच्यासमोर तोंड उघडायची तिला भीती वाटे.

त्यानेही तिला ओळखलं. हात पुसत तो म्हणाला, "बैठक पाचला असते, बुरुल. हिवाळ्यात एक तास आधी घेतो. जुनी वेळ सांगितली वाटतं कुणी."

"म्हणजे संपली?"

"अर्ध्या तासापूर्वीच."

बुरुलला हसावं की रडावं कळेना. तिने मागे वळून बोळातल्या काळोखाला सांगितलं, "अता, सापडलं. तुम्ही जा." काठीचा आवाज दूर गेला.

"बाइके, तुम्ही इथे... पियाले धुवायला येता का?" तिने विचारलं.

"आज माझी पाळी होती. अकरा वर्षं येतोय."

"मी तुम्हाला देवभोळे समजत होते. म्हणून पीत नाही असं."

"समजू दिलं लोकांना," कुबात म्हणाला. "कुमिस का नको ते प्रत्येकाला सांगत बसण्यापेक्षा सोपं पडतं."

त्याने तिला एक फडकं दिलं. तो विसळत होता आणि ती पुसत होती. दोन माणसं असली तरी बैठक होते, असं तो म्हणाला. मग ही बैठक सुरू आहे का, असं तिने विचारलं. तिची इच्छा असेल तर आहे, नाहीतर नुसते पियाले आहेत, असं त्याने सांगितलं. तिने इथे करायचं काय असतं ते विचारलं. बसायचं, तो म्हणाला. आणि मग? मग परत यायचं. बुरुलला वाटलं, तो काहीतरी लपवतोय, पण त्याचा चेहरा नेहमीसारखाच पोती मोजतानाचा होता. आत्ताच पलीकडच्या खोलीत भडाभडा बोललेलं तिच्या तोंडातून पुन्हा निघेना. शेवटचा पियाला पुसताना ती फक्त एवढंच म्हणाली की आज दुपारी अर्धा पियाला घेतला होता, तो धरायचा की नाही?

"धरायचा," कुबात म्हणाला. "न पिता गेलेले दिवस उद्यापासून मोजू. परवा गुरुवारी ये, पाचला."

घरी पोचेपर्यंत वीज आली होती. मेरिम बटाटे तळत होती. इतका वेळ कुठे होतीस असं तिने विचारलं नाही, पण तव्याकडून मान वळवून आईच्या डोळ्यांकडे पाहिलं. बुरुलने कोट न काढताच स्टुलावर बसून सांगायला सुरुवात केली. चिठ्ठीचं सांगितलं, गाण्याचं सांगितलं, कोणत्या ओळीत उभं केलं तेही सांगितलं. आंधळ्यांच्या खोलीतलं सांगताना माणसांची नावं तिने गाळली. कुबातचं नाव तर घेतलंच नाही, फक्त एक ओळखीचा माणूस भेटला म्हणाली.

"काठी घे म्हणाले?" मेरिमने विचारलं.

"हो. आणि तुला सांगायला सांगितलं, की आईच्या वस्तू लपवू नकोस."

मेरिमचा हात तोंडावर गेला. तिला हसू आवरत नव्हतं आणि हसावं की नाही हेही कळत नव्हतं, बुरुलला दिसत होतं. मग तवा उतरवून ती बाहेर गेली आणि कोळशाच्या खोक्यातून एक बाटली घेऊन आली. पाऊण भरलेली होती. तिने ती टेबलावर, बटाट्यांशेजारी ठेवली.

"हिचं काय करू?"

बुरुलने बाटलीकडे पाहिलं. तोंडाला सुटलेलं पाणी गिळल्याचा आवाज तिलाच ऐकू आला.

"माहीत नाही," ती म्हणाली. "हे विचारायचं राहिलं."

"ओतून देऊ?"

"तूच ठरव. मला ठरवता येणार नाही. आणि कुठे ओतलंस ते सांगू नकोस."

मेरिम बाटली घेऊन गेली. बर्फावर तिची पावलं कुठल्या बाजूला गेली हे कळू नये म्हणून बुरुलने नळ सोडला आणि हात धूत राहिली, बराच वेळ.

त्या गुरुवारी ती पाचला गेली. गोलात अकरा माणसं होती. त्यांच्या बोलण्यातलं निम्मं तिला समजलं नाही, आणि एकजण आपली गाय बर्फात विसरून घरी आल्याचं सांगत होता तेव्हा सगळे हसले, तिला मात्र घाम फुटला. दोन आठवड्यांनी ती पुन्हा प्यायली. मग गुरुवारच्या बैठकीला गेलीच नाही. पाचव्या दिवशी कुबातने पोती टाकताना फक्त एवढंच विचारलं, "आज मंगळवार आहे ना?" ती म्हणाली, हो, मंगळवारच. संध्याकाळी जाऊन खुर्चीत बसली आणि दिवस पहिल्यापासून मोजायला लागली.